ट्रक नव्या मॉड्यूलला ओळखेना



मागच्या वेळी मोबाइलच्या बॅकअपवर लिहिलं होतं. या वेळीही विषय तोच आहे, फक्त मोबाइलच्या जागी ट्रक आहे.

ट्रक माझ्या धाकट्या काकांचा. २०१३ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेला. उज्जैनहून पोह्यांची पोती भरून धुळे-नाशिककडे जातो आणि येताना मिळेल ते भाडं घेऊन येतो. गेल्या पावसाळ्यात, म्हणजे आपला श्रावण संपत आला होता आणि शेजाऱ्यांचा भादो निम्मा झाला होता तेव्हा, हा ट्रक विचित्र वागायला लागला. डावा इंडिकेटर दिला की वायपर एकदा हलून थांबायचा. हॉर्न कधी वाजायचा, कधी नाही. ड्रायव्हरनं आठवडाभर हे हसण्यावारी नेलं. मग एका रात्री सेंधव्यापुढे बिजासन घाट उतरताना दोन्ही हेडलाइट एकदम गेले. पाठीमागे भरलेला माल, समोर वळण आणि अंधार. दहा-बारा सेकंदांनी दिवे आपोआप परत आले. त्या दहा सेकंदांत काय काय होऊ शकलं असतं हे त्या घाटातून गेलेल्या कुणालाही सांगायला नको. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं फोन करून काकांना स्पष्ट सांगितलं, दिव्यांचं काम झाल्याशिवाय मी गाडी घाटात घालणार नाही. काका म्हणाले, "घालूच नकोस. मीच घालू देणार नाही."

एका सर्व्हिस सेंटरला विचारलं तर त्यांनी गाडी न बघता फोनवरच निकाल दिला: बीसीएम गेलं, बदलावं लागेल. किंमत ऐकून काकांनी फोन माझ्या हातात दिला. घरात एक बीई असला की मिक्सरपासून ट्रकपर्यंत सगळं त्याच्याच खात्यात येतं, हे तुमच्याही घरी असेलच.

आधी बीसीएम म्हणजे काय ते सांगतो. पूर्वीच्या ट्रकमध्ये दिव्याचं बटण दाबलं की वीज बटणातून, फार तर एखाद्या रिलेतून, सरळ दिव्यापर्यंत जायची. बिघाड शोधायला एक टेस्ट लॅम्प आणि चिकाटी एवढं पुरायचं. मग मधे एक डबा आला, बॉडी कंट्रोल मॉड्यूल. इंजिनाचा कॉम्प्युटर वेगळा असतो. हा डबा बाकीचं घर सांभाळतो: दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, काचा, दारांची लॉक, आणि काही गाड्यांत चावी खरी की खोटी हे ओळखणारं इमोबिलायझरही. आता इंडिकेटरची दांडी खाली केली की आपण दिवा लावत नसतो, अर्ज करत असतो. बीसीएम तो अर्ज वाचतं, मंजूर करतं, आणि आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून दिव्याला वीज सोडतं. किती करंट गेला हेही ते मोजतं. चोवीस व्होल्टवर एकवीस वॅटचा बल्ब असेल तर साधारण पाऊण-एक अँपिअर जायला हवा. तेवढा गेला नाही तर बल्ब उडाला असं समजून ते इंडिकेटर भराभर लुकलुकवतं. हौसेनं एलईडी बसवल्यावर कित्येक गाड्यांचे इंडिकेटर घाईत असल्यासारखे का चमकतात, त्याचं हेच कारण. एलईडी इतकी कमी वीज घेतो की मॉड्यूलला तो दिसतच नाही.

हे सगळे डबे एकमेकांशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात. या पद्धतीला कॅन म्हणतात. बॉश कंपनीनं ती १९८६ साली डेट्रॉइटच्या परिषदेत मांडली. गाडीतला प्रत्येक नवा कॉम्प्युटर दुसऱ्या प्रत्येकाला वेगळ्या तारेनं जोडत बसायचं तर तारांची जुडी वाढतच जाणार होती, त्यावर हा उपाय होता. ट्रक-बसमध्ये बहुतेक ठिकाणी हिचीच जे-१९३९ नावाची बोली चालते, सेकंदाला २,५०,००० बिट या वेगानं. आपल्या घरच्या वायफायच्या मानानं ही बैलगाडी आहे, पण ती धूळ, पाणी आणि खड्डे यांतून पोचते.

आता गॅरेजकडे. मक्सी रोडवर काकांची वाहनं वर्षानुवर्षं ज्या गॅरेजात जातात, तिथल्या उस्तादांचं वय साठीच्या पुढे आहे. काकांना ते 'भाऊसाहब' म्हणतात आणि मला 'इंजीनियर साब', दुसऱ्यात थोडी चेष्टा मिसळलेली असते. मी मॉड्यूलचा विषय काढताच त्यांनी हातानंच थांबवलं. म्हणाले, "पहले अर्थिंग देखो साब. डिब्बा बाद में."

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच जरा महागड्या शब्दांत सांगतो. उस्तादांनी मल्टिमीटर काढला. ट्रकमध्ये बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. त्या ठीक होत्या, इंजिन चालू असताना अठ्ठावीसच्या आसपास व्होल्ट येत होते. मग त्यांनी हेडलाइट लावायला सांगितले आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मॉड्यूलच्या अर्थच्या पिनला लावलं. या दोन जागांमध्ये व्होल्टेजचा फरक जवळजवळ शून्य हवा. एक-दोन दशांश चालून जातं. मीटरवर आला १.४.

ड्रायव्हरच्या बाजूची मॅट उचलली तर खाली अर्थचा बोल्ट होता आणि त्याच्या तांब्याच्या टोकावर हिरवी पुटं चढली होती. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यावर चढतो तोच कळंक. उस्तादांनी ते टोक कापून टाकलं, नवीन बसवलं, खालचा पत्रा पॉलिश पेपरनं उजळ होईपर्यंत घासला, वरून ग्रीस लावलं. ट्रक चालू केला, डावा इंडिकेटर दिला. वायपर गप्प.

मला हे इतकं आवडलं की घरी येऊन कागदावर आकृती काढून बघितली. वायपरच्या दांडीपासून मॉड्यूलपर्यंत प्रत्येक वेगाला वेगळी तार येत नाही. दांडीत छोटे-छोटे रेझिस्टर असतात. दांडी कुठल्या खाचेत आहे त्याप्रमाणे व्होल्टेज बदलतं आणि मॉड्यूल त्यावरून हुकूम ओळखतं. आता इंडिकेटरचा करंट त्या खराब अर्थमधून जायला लागला की मॉड्यूलची जमीनच दीड व्होल्ट वर उचलली जायची. पायाखालचं पाट हलल्यावर माणसाला समोरची भिंत हलल्यासारखी वाटते, तसं मॉड्यूलला दांडी हलल्यासारखी वाटायची. मॉड्यूल खोटं बोलत नव्हतं. त्याला दिसत होतं ते तसंच होतं.

इथेच गोष्ट संपली असती तर काका खूश झाले असते. पण दोन दिवसांनी उस्तादांच्या पुतण्यानं रात्री आगर रोडला चाचणीसाठी गाडी नेली तेव्हा हेडलाइट पुन्हा गेले. म्हणजे आजार दोन होते आणि एकानं दुसऱ्याला झाकून ठेवलं होतं.

मग कॅनच्या तारा तपासल्या. हे घरबसल्या समजण्यासारखं आहे. त्या दोन तारांच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, त्यामुळे बॅटरी काढून मधे कुठेही मीटर लावला तर साधारण ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ दिसले तर तारा एकमेकींना चिकटल्यात. आमच्याकडे ६० आले. तारा निर्दोष. फ्यूज, कनेक्टर, हेडलाइटचे होल्डर, सगळं झाल्यावर शेवटी उस्ताद म्हणाले, आता खोला डबा.

डॅशबोर्डखाली डाव्या कोपऱ्यात ते मॉड्यूल होतं आणि त्याच्या वरच्या अंगावर वाळलेल्या पाण्याचा पांढरा ओघळ होता. आत सर्किट बोर्डच्या एका कडेला पुन्हा तोच हिरवा रंग. हेडलाइटला वीज सोडणाऱ्या चिपचे पाय खाऊन गेले होते, शेजारी एक काळा डाग. पाणी आलं होतं समोरच्या काचेच्या रबरातून. काच मागच्या मालकानं कधीतरी बदललेली असावी, कारण कोपऱ्यात रबर नीट बसलेलं नव्हतं. शिवाय केबिनवरच्या रंगीत दिव्यांची माळ मॉड्यूलच्याच एका तारेला सोलून जोडलेली सापडली. ट्रकवाल्यांच्या हौसेला माझी ना नाही, पण त्या माळेला स्वतःचा फ्यूज आणि रिले द्यावा. मॉड्यूलच्या तारेवर लटकणारी माळ म्हणजे शेजाऱ्याच्या मीटरवर चालवलेला कूलर.

उस्तादांनी तिथे आणखी एक गोष्ट विचारली जी मला सुचली नसती: "बॉडी पे वेल्डिंग कब हुआ?" आपल्याकडे पुष्कळ ट्रकची मागची बॉडी कंपनी बांधत नाही, बॉडीवाले बांधतात, आणि पुढे वर्षानुवर्षं तिथे फळ्या, हूक, कड्या जोडणं चालूच राहतं. वेल्डिंग करताना बॅटरीची तार काढली नाही तर तो करंट परतीची वाट शोधत चासीभर फिरतो आणि वाटेत कुणाच्या तरी इलेक्ट्रॉनिक्समधून जाऊ शकतो. या ट्रकच्या बाबतीत दोष पाण्याचाच होता, पण तेव्हापासून काकांनी ड्रायव्हरला ताकीद दिली आहे: वेल्डिंगची काडी पेटायच्या आधी बॅटरीची तार सुटी.

तर मॉड्यूल बदलायचं हे आता नक्की झालं. फोनवर निकाल देणाऱ्यांचा निकाल बरोबर ठरला असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं वेगळं आहे. त्यांचं ऐकून मॉड्यूल तेवढं बदललं असतं तर कळंकलेल्या अर्थमुळे वायपर तसाच हलत राहिला असता, आणि गळक्या काचेखाली पुढच्या पावसाळ्यात नवं मॉड्यूलही कुजलं असतं. उस्तादांनी नवा डबा मागवायच्या आधी काचवाल्याला बोलावलं.

भंगारातल्या ट्रकमधून काढलेलं अगदी तसंच दिसणारं मॉड्यूल एक जण तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत देत होता. काकांचा जीव तिकडे ओढला जात होता, आणि का नाही जाणार? गाडीचं कर्ज फिटलेलं असलं तरी ड्रायव्हरचा पगार, विमा, टायर चालूच असतात, आणि आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीचं फिटनेस दर वर्षी करून घ्यावं लागतं, तिथे दिवे-वायपर बघतातच. त्यात सोयाबीन मंडीत यायला महिना उरला होता. त्या महिन्या-दीड महिन्याच्या भाड्यावर काकांचं निम्मं वर्ष चालतं. ट्रक भंगारात द्यावा का, असंही ते एकदा बोलून गेले.

त्यांना मी वेधशाळेचं उदाहरण दिलं. आपण उज्जैनकर शाळेच्या सहलीत एकदा तरी तिथे गेलेले असतोच. सवाई जयसिंगांनी बांधलेली, १९२३ साली माधवराव शिंदे महाराजांनी दुरुस्त करवून घेतलेली. तिथलं सम्राट यंत्र म्हणजे भलंमोठं सूर्यघड्याळ. त्याच्या मधल्या भिंतीचा उतार उज्जैनच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे २३ अंश ११ मिनिटांचा आहे. जयपूरला याच जयसिंगांचं याच नावाचं यंत्र आहे, पण जयपूरचा अक्षांश जवळपास २७ अंश. दगड तेच, गणित तेच, कारागिरी कदाचित जास्तच चांगली, तरी जयपूरचं यंत्र उचलून इथे आणून ठेवलं तर वेळ चुकेल. आणि इथलं यंत्रसुद्धा उज्जैनची स्थानिक वेळ दाखवतं. हातातल्या घड्याळाशी जुळवायला त्यात साधारण २७ मिनिटं मिळवावी लागतात, शिवाय ऋतूप्रमाणे थोडा फरक. यंत्राला आपण कुठे उभे आहोत हे माहीत असावं लागतं.

भंगारातल्या मॉड्यूलला तो दुसऱ्याच ट्रकमध्ये आहे असं वाटत असतं. त्याच्या मेमरीत त्या ट्रकचा सतरा अक्षरी चासी नंबर, त्याच्या चाव्यांच्या खुणा, त्याला फॉग लॅम्प होते की नाही, काचा बटणाच्या होत्या की हँडलच्या, असं सगळं लिहिलेलं असतं. काही गाड्यांत किलोमीटरच्या आकड्याची दुसरी प्रतही तिथेच असते. विक्रेता म्हणाला, "भिया, सब क्लोन करके दे देंगे." म्हणजे जुन्या मॉड्यूलची मेमरी जशीच्या तशी नव्यात उतरवून देऊ. तांत्रिकदृष्ट्या हे होतं, आणि प्रामाणिक माणसाच्या हातून ते झालं तर त्यात वावगंही नाही. पण त्याच वाक्यात त्यानं किलोमीटर कमी करून हवेत का असंही विचारलं, तेव्हा काकांनी नमस्कार केला. नंतर नीट पाहिलं तर त्या मॉड्यूलवरच्या पार्ट नंबरची शेवटची दोन अक्षरंही वेगळी होती. बाहेरचा प्लास्टिकचा डबा एकच असतो, आतला बोर्ड आणि सॉफ्टवेअर त्या दोन अक्षरांनी बदलतं. तुमच्यापैकी कुणावर हा प्रसंग आला तर पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, फोटो काढून जुळवा.

नवं मॉड्यूल कंपनीकडून मागवलं. यायला अकरा दिवस लागले. या दिवसांत एक काम उरकून घेतलं, आणि माझा या सगळ्यात काही उपयोग झाला असेल तर तो एवढाच. जुनं मॉड्यूल हेडलाइटच्या बाबतीत मेलं असलं तरी कॅनवर अजून बोलत होतं. ते वाळवून, परत जोडून, देवासहून निदानाचं चांगलं यंत्र असलेल्या एका ओळखीच्या कारागिराला बोलावून त्याच्यातली सगळी सेटिंग्ज आम्ही वाचून घेतली आणि फाइल तीन ठिकाणी ठेवली. रोगी बोलतोय तोवर जबानी घेऊन ठेवली म्हणा ना.

अकराव्या दिवशी कंपनीचा तंत्रज्ञ लॅपटॉप घेऊन आला. मुलगा हुशार आणि शांत होता. त्यानं पहिलं काम केलं ते बॅटरीला चार्जर लावण्याचं. मॉड्यूलमध्ये सॉफ्टवेअर उतरत असताना मधेच व्होल्टेज पडलं तर नवा कोरा डबा जागेवर निकामी होऊ शकतो. मग बॅटरीची तार काढून दहा मिनिटं थांबला, आतल्या कपॅसिटरमधली वीज उतरावी म्हणून. कनेक्टर जोडले, तार जोडली, चावी फिरवली. डॅशबोर्डवर दिवाळी. सगळे इशारे एकदम पेटले आणि स्टार्टर हूं की चूं करेना. काका माझ्याकडे बघायला लागले.

ते अपेक्षितच होतं. नवं मॉड्यूल कोरं असतं. त्याला चासी नंबर सांगावा लागतो, मग कंपनीच्या सर्व्हरवरून त्या नंबरच्या गाडीची माहिती उतरते, मग चाव्या शिकवाव्या लागतात. चाव्यांपाशी गाडी अडली. शिकवताना आधीच्या सगळ्या चाव्यांची नोंद पुसली जाते, म्हणून त्या गाडीच्या सगळ्या चाव्या एकाच वेळी हजर हव्यात. दुसरी चावी होती ड्रायव्हरच्या घरी, शाजापूरच्या पुढे एका गावात, देवघरातल्या डब्यात. तो बसनं जाऊन परत येईपर्यंत संध्याकाळ झाली. तोवर तंत्रज्ञाला काकूंचे पोहे दोनदा खावे लागले.

रात्री आठला ट्रक चालू झाला. दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न एकेक करून तपासले. फॉग लॅम्प लागेनात. सर्व्हरच्या नोंदीप्रमाणे या गाडीला फॉग लॅम्प नव्हतेच, ते पहिल्या मालकानं डीलरकडून नंतर बसवून घेतले होते आणि तेव्हा जुन्या मॉड्यूलमध्ये त्याची नोंद केली गेली होती, सर्व्हरवर नाही. ट्रकला दिवे आहेत, कागदाप्रमाणे नाहीत. आम्ही आमची फाइल उघडून दाखवली. तंत्रज्ञानं ती ओळ पाहिली, आपल्या लॅपटॉपवर तो पर्याय चालू केला, आणि दिवे लागले. दोन मिनिटांचं काम. फाइल नसती तर त्याला वरिष्ठांना विचारावं लागलं असतं आणि परत एक खेप झाली असती, असं तोच म्हणाला.

त्या दोन मिनिटांवर मी नंतर बराच विचार केला. उस्तादांनी आजार शोधला, अर्थ दुरुस्त केला, पाण्याची वाट बंद केली. चाळीस वर्षांचा अनुभव आहे. पण फॉग लॅम्पच्या नोंदीतल्या 'नाही'चं 'आहे' करणं त्यांच्या हातात नाही, कारण ते सॉफ्टवेअर त्यांना मिळत नाही. हा प्रश्न आपल्या उस्तादांपुरता नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत, हा त्यातला मुद्दा होता. तक्रार करणारे होते शमशेर कटारिया नावाचे एक ग्राहक. पुढे अपिलं वगैरे झाली. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू झालं. मोटारी हे त्यातल्या चार क्षेत्रांपैकी एक. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली लोकांनी मतदान करून कारसाठी असा कायदा आणला, आणि युरोपात जड वाहनांच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांना द्यावी हे २००९ च्या नियमातच आलं होतं.

कंपन्या म्हणतात, सगळं खुलं केलं तर चोरांचं फावेल. मी सॉफ्टवेअरवालाच असल्यामुळे हे मला निम्मं पटतं. चाव्या शिकवणं, किलोमीटरचा आकडा, वेगमर्यादा, या गोष्टी कुणाच्याही लॅपटॉपवर उघड्या असू नयेत. भंगारवाल्याचा प्रस्ताव आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. पण फॉग लॅम्प आहे की नाही, बल्ब एकवीस वॅटचा की एलईडी, यात कसली आली सुरक्षा? घराच्या मुख्य दाराला कुलूप असावं, मोरीच्या नळालाही त्याच किल्लीचं कुलूप कशाला? दोन्ही एकाच पेटीत बंद केल्यामुळे उस्तादांसारख्या माणसाला क्लोनवाल्याच्या रांगेत उभं केलं जातं, हे मला खुपतं. आणि ट्रकमालकाचा हिशेब साधा असतो: सरळ मार्गानं अकरा दिवस आणि तिप्पट किंमत, वाकड्या मार्गानं एक दिवस. सगळेच काका नमस्कार करून निघून येणार नाहीत.

आता थोडं तुमच्या कामाचं. तुमच्यापैकी अनेकांकडे दहा-बारा वर्षांची कार असेल, तिच्यातही बहुधा असाच एक डबा आहे, डॅशबोर्डखाली किंवा फ्यूज बॉक्सपाशी. पावसाळ्याआधी समोरच्या काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा काढा. तिथली पाणी जायची भोकं बुजली की पाणी आत वाट काढतं. पायाखालची मॅट ओली लागली तर ती नुसती उन्हात टाकू नका, पाणी कुठून आलं ते शोधा. दिवे मंद होणं, एक बटण दाबल्यावर दुसरंच काही होणं, अशी लक्षणं दिसली तर आधी अर्थ आणि कनेक्टर तपासायला सांगा आणि मीटरचा आकडा स्वतः बघा. मॉड्यूल बदलायचंच ठरलं तर जुन्यातली सेटिंग्ज वाचून ठेवलीत का, हे गाडी देतानाच विचारा. बहुतेक ठिकाणी विचारल्याशिवाय कुणी करत नाही. आणि दुसरी चावी कुठे आहे ते आजच बघून ठेवा.

काकांचा ट्रक सोयाबीनच्या पहिल्या आठवड्यात चिमनगंज मंडीत लागला. बिजासन घाटातून रात्रीच्या खेपा परत सुरू झाल्या आहेत. ड्रायव्हरनं केबिनवरची माळ स्वतःच्या खर्चानं वेगळ्या फ्यूजवर घेतली.

जुनं मॉड्यूल उस्तादांनी टाकलं नाही. त्यांच्या पुतण्यानं आयटीआय केलं आहे, त्याला हे शिकायचंय. रविवारी सकाळी दोन तास मी गॅरेजात जातो. चिपमधली मेमरी वाचून, आमच्या फाइलशी ताडून, त्यातला कुठला बाइट फॉग लॅम्पचा आहे ते आम्ही शोधतोय. इंडिकेटर आणि काचांचे सापडले. फॉग लॅम्पचा अजून सापडलेला नाही.